घरचं झाकून गावची बाटली आडवी करता येते का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका गावातून आशा स्वयंसेविकेचं काम करणाऱ्या ताईंनी लिहिलंय. मुलगी दहावीला, मुलगा आठवीत. नवऱ्याचं एसटी स्टँडसमोर मोटार रिवाइंडिंगचं दुकान, हात कसबी. गेली सहा-सात वर्षं दारू रोजची झाली आहे. सकाळी हात इतका थरथरतो की तांब्याची तार गुंडाळता येत नाही, म्हणून नऊच्या आत अर्धी क्वार्टर लागते. संध्याकाळी दोन होतात. गेल्या श्रावणात त्यांनी एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी रात्री आकडी आली, तोंडाला फेस आला. सासूबाई म्हणाल्या, देवाचं काहीतरी चुकलंय. दिरानं पुन्हा दारू पाजली आणि ते शांत झोपले. आता गावातल्या बायका देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी सह्या गोळा करताहेत आणि ‘ताई, तुम्ही पुढं व्हा’ म्हणताहेत. दुकान सरपंचांच्या नात्यातल्या माणसाचं. ताई विचारतात: ‘घरचीच सुटेना, मग लोकांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ? आणि एक आशाही वाटते, की दुकानच गेलं तर हे आपोआप सोडतील. मोबाइलवर जाहिरात बघून एक पुडी मागवली आहे, न सांगता जेवणात घालायची. घालू का?’

उत्तर

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्यांना दोन दिवस उशीर चालेल, याला नाही. ती पुडी घालू नका.

अशा पुड्यांमध्ये काय असतं हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. काही नसलं तर पैसे गेले, एवढंच. पण डायसल्फिरामसारखं काही असलं तर गोष्ट वेगळी. हे औषध खरं आहे, मानसोपचारतज्ज्ञ ते देतातही. मात्र रुग्णाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन आणि काही दिवस दारू पूर्ण थांबल्यानंतर. ते पोटात असताना माणूस प्यायला की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. यात जीव जाऊ शकतो. ज्याला आपल्या भाजीत काय पडलंय हेच माहीत नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा दोन क्वार्टर पिणार. शिवाय हे उघडकीला आलं, आणि घरात अशा गोष्टी उघडकीला येतातच, की पुढे कुठलीही गोळी तो तुमच्या हातून घेणार नाही. आणि पुढे तुम्हाला त्यांना गोळ्या द्यायच्याच आहेत.

आता गेल्या श्रावणातल्या रात्रीबद्दल. तो देवाचा कोप नव्हता. ज्याच्या मेंदूला वर्षानुवर्षं रोज दारूची सवय झालीय, त्याची दारू एकदम तोडली की मेंदू खवळतो. आधी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत काही जणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं. वेळीच उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. दिरानं दारू पाजल्यावर ते शांत झाले, यावरूनच दुखणं काय होतं ते कळतं. फक्त औषध म्हणून जे दिलं, तेच दुखण्याचं मूळ होतं.

आपल्याकडे श्रावण पाळणाऱ्याचं फार कौतुक होतं. ‘महिनाभर थेंबाला शिवत नाही, म्हणजे व्यसन नाही’ असं प्रमाणपत्रही मिळतं. जो खरोखर सहज थांबू शकतो त्यानं जरूर पाळावा. पण ज्याला सकाळी हात स्थिर करायला दारू लागते, त्यानं गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून कडकडीत बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. माळ घालून, शपथ घेऊन, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सोडणाऱ्यांचंही तेच. संकल्प खरा असतो, पण शरीराला त्या संकल्पाची खबर नसते. तेव्हा ताई, यंदा ते स्वतःहून ‘श्रावणात सोडतो’ म्हणाले, तर हरखून जाऊ नका आणि नाही म्हणू नका. ‘चला, आधी डॉक्टरांना विचारून सोडू’ एवढंच म्हणा.

डॉक्टर कुठला? तुम्ही आशा आहात, तुम्हाला जिल्हा रुग्णालयाची वाट मी सांगायला नको. तिथल्या मानसोपचार विभागात जा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तालुक्याला कधी येते ते विचारा. जायच्या आधी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक 14446. तिथं ‘दारू पितात’ एवढंच सांगू नका. तुम्ही मला लिहिलंत तेच सांगा: रोज किती, सकाळी लागते का, आणि मागच्या वेळी थांबवल्यावर आकडी आली होती. हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण एकदा आकडी आलेल्या माणसाची दारू घरच्या घरी सोडवू नये, दवाखान्यात दाखल करूनच सोडवावी. तिथं पहिला आठवडाभर थरथर आणि आकडी आवरणाऱ्या गोळ्या देतात, त्या हळूहळू कमी करतात, आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. गावाकडे ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून पिणाऱ्याला थेट ग्लुकोजचं सलाइन लावायची पद्धत आहे. बी-1 न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तुमच्या गावच्या डॉक्टरांनाही हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

दाखल होईपर्यंत सकाळच्या अर्ध्या क्वार्टरवरून भांडण काढू नका, बाटली लपवू नका. हे वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण भांडणाची वेळ ती नाही. बोलायची वेळ दुपारची, ते दुकानात असताना, डोकं थाऱ्यावर असताना. आणि बोलायचं ते तारेबद्दल. ‘तुम्ही घरादाराचं वाटोळं केलंत’ हे त्यांनी शंभरदा ऐकलंय. ‘तुमच्या हाताची वाइंडिंग तालुक्यात कुणाला जमत नाही आणि आता तो हात सकाळी चालत नाही, यावर औषध आहे’ हे बहुधा कुणी सांगितलेलं नसेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. कोणत्या तोंडानं जाऊ?

तुम्ही सीबॅकचे, म्हणजे रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचा धोका तपासण्याचे, फॉर्म भरता. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला विचारता: तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम, आणि ‘रोज दारू पिता का?’ माझा अंदाज आहे की स्वतःच्या घराचा फॉर्म भरताना त्या ओळीपाशी तुमचं पेन थांबलं असणार. काय लिहिलंत ते मी विचारत नाही. पण लक्षात घ्या, तो प्रश्न रक्तदाब आणि मधुमेहाच्याच फॉर्मवर आहे. नवऱ्याला साखर असती तर ‘घरचीच साखर आटोक्यात नाही, मग लोकांना मधुमेहाचं कसं सांगू’ असं पत्र तुम्ही मला लिहिलं नसतं.

घरची दारू ही बाईच्या नशिबाची किंवा नाकर्तेपणाची खूण, असं आपल्या मनात इतकं खोल बसलंय की सासूबाई ‘तुझ्या मीटिंगांमुळे पितो’ म्हणतात आणि तुम्हालाही ते थोडंसं पटतं. थोडा हिशेब बघा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रानं केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, आणि त्यांतल्या 5.7 कोटी लोकांना मदतीची गरज आहे, इतकं त्यांचं पिणं हाताबाहेर गेलंय. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या 37 जणांच्या बायका मीटिंगला जात होत्या म्हणून हे झालं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार 2019 या एका वर्षात जगात 26 लाख मृत्यू दारूमुळे झाले. तीच संघटना हेही सांगते की तेवढीच दारू गरिबाच्या शरीराचं आणि घराचं जास्त नुकसान करते. ते का, हे तुम्हाला रोज दिसतं: अर्धपोटी पिणं, दवाखाना लांब, मजुरी बुडाली की चूल बंद. तुमच्या यादीतला क्षयाचा एखादा पेशंट आठवा, जो महिना-दीड महिना गोळ्या घेतो आणि मग पिण्यात सोडून देतो. दारूनं क्षय व्हायची शक्यताही वाढते आणि उपचारही मोडतात.

आणि झाकलेलं बरं म्हणता, पण गावात झाकलंय कुणापासून? नऊ वाजता कोण कुठल्या काउंटरवर उभं असतं हे स्टँडवर सगळ्यांना दिसतं. बायका तुमच्याकडे आल्या त्या हे माहीत असूनच आल्या. मला तर वाटतं, म्हणूनच आल्या.

पण एका गोष्टीत मी तुम्हाला निराश करणार आहे. दुकान बंद झाल्यानं तुमचे यजमान सुटणार नाहीत.

ज्याचं शरीर दारू मागतं तो तालुक्याला जाईल, मोटारसायकलवर जाईल आणि पिऊन परत येईल, म्हणजे अपघाताची धास्ती वाढेल. नाहीतर मागच्या दारानं दीडपट पैसे मोजून घेईल. दुकान बंद करण्याचा फायदा सगळ्यात जास्त होतो तो अजून न अडकलेल्यांना. शाळा सुटल्यावर स्टँडवर घुटमळणारी पोरं, पहिली मजुरी हातात आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, आठवड्यातून एकदा पिणारा आणि दुकान वाटेवर आहे म्हणून तीनदा पिणारा माणूस. दारू लांब गेली, महाग झाली, कमी वेळ मिळू लागली की अशांचं पिणं कमी होतं. सरकारंही हे जाणतात. पण करातून मिळणारा पैसाही त्यांना हवा असतो, म्हणून ती दर वाढवतात आणि दुकानंही ठेवतात. सही कराल ती तुमच्या आठवीतल्या मुलासाठी करा. यजमानांसाठी दवाखाना आहे. ही दोन कामं एकमेकांत गुंतवलीत तर दुकान बंद झाल्यावरही ते प्यायलेले दिसले की तुम्हाला सगळंच वाया गेल्यासारखं वाटेल, आणि गावातले लोक तेच तोंडावर फेकतील.

बंदीबद्दल माझं मत विचाराल तर ते अर्धवट आहे, आणि मला ते तसंच ठेवायचंय. बिहारमध्ये 2016 मध्ये पूर्ण दारूबंदी झाली. तिथं रोजचं-आठवड्याचं पिणं आणि बायकांना होणारी मारहाण दोन्ही घटल्याचं 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकातल्या अभ्यासात दिसलं. त्याच बिहारमध्ये डिसेंबर 2022 मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूनं माणसं पटापट मेली. आपल्याकडे चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत मात्र 1993 पासूनची बंदी टिकून आहे, कारण ती आधी गावागावातून लोकांनी मागितली होती आणि नंतरही गावं स्वतः पहारा देत राहिली. आणि विषारी दारूला बंदीच लागते असंही नाही. जून 2015 मध्ये मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती मुंबईत, जिथं चौकाचौकात परवान्याची दुकानं आहेत. स्वस्तातली स्वस्त म्हणून गरीब माणूस ती पितो. तेव्हा मंत्रालयातून उतरलेल्या बंदीवर माझा फारसा विश्वास नाही. तुमच्या गावच्या बायका स्वतः सह्या करून जे मागताहेत त्यावर आहे.

त्याची रीत तुम्हाला साधारण माहीत असेल, तरी लिहिते, कारण हे सदर इतर गावांतही वाचलं जातं. गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, सह्यांचं निवेदन द्यायचं. राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो. मग गुप्त मतदान होतं, एका बाजूला उभी बाटली, दुसऱ्या बाजूला आडवी. इथं एक मेख आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मं पुरत नाही. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई ऊसतोडीला गेलीय, जी माहेरी बाळंतपणाला गेलीय, जी मेली तरी यादीत आहे, त्या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. दुकानदाराला एकही मत विकत घ्यावं लागत नाही, बायका घरी बसल्या की झालं. म्हणून मतदार यादी आधीच स्वच्छ करून घ्या आणि ऊसतोडीचा हंगाम टाळून तारीख मागा. कोण गावात आहे, कोण बाहेर आहे हे तुमच्याइतकं ग्रामसेवकालाही ठाऊक नसतं. पुढं होणं म्हणजे माइक हातात घेणंच असं कुठं आहे? माइक दुसरीला द्या, यादी तुम्ही घ्या. सही मतदार म्हणून करा, आशाच्या गणवेशात फिरू नका. आणि दुकान कुणाच्या नात्यातलं आहे ते पाहता एकट्यानं कुठल्याच दारात जाऊ नका, चौघी-पाचजणींनी जा.

दुकान बंद झालं की हातभट्टी डोकं वर काढणार हे धरून चला. काळा गूळ आणि नवसागर गावात कुठून येतो हे गावाला माहीत असतंच. यासाठी ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे, ग्रामसभेत त्याचा ठराव मतदानाच्या आधीच करून ठेवा. आणि आशा म्हणून एक गोष्ट पाठ करून ठेवा: दारू प्यायल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, कुणी ‘डोळ्यांपुढं धुकं आलंय, अंधुक दिसतंय’ म्हणालं, पोटात कळा आल्या, श्वास लागला, तर ती नेहमीची नशा नव्हे. मिथेनॉल, म्हणजे विषारी दारूतलं विष, असू शकतं, ते वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. उतरेल म्हणून झोपवू नका, 108 बोलवा आणि त्याच्यासोबत जे कुणी प्यायले त्या सगळ्यांना पाठवा, बरे दिसत असले तरी.

पत्रात मध्येच एका ओळीत तुम्ही लिहिलंय की ‘हात दोन-तीनदा उचललाय, पण शुद्धीत नव्हते.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, ज्यांचे नवरे वारंवार झिंगलेले असतात अशा सुमारे 70 टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा न पिणाऱ्यांमध्ये ते प्रमाण 23 टक्क्यांच्या आसपास होतं. आजार हे त्यांच्या पिण्याचं कारण असेल, तुम्ही मार खाण्याचं ते कारण होऊ शकत नाही. 181 ही महिला हेल्पलाइन आणि 112 हा तातडीच्या मदतीचा क्रमांक, हे मुलीलाही पाठ असू द्यात. कोणत्या शेजारणीकडे रात्री जायचं हे आधीच ठरवून ठेवा. मानधन ज्या खात्यात येतं त्याचं एटीएम कार्ड तुमच्याकडेच राहू द्या. आणि मुलांना सांगा की पप्पा आजारी आहेत, उपचार करायचे आहेत. ती लहान नाहीत, रात्रीचं सगळं त्यांनी ऐकलेलं आहे.

उपचारानंतर ते पुन्हा एखादेवेळी पितील. हे मी आत्ताच लिहून ठेवते. बहुतेकांचं होतं. त्या दिवशी ‘सगळं फुकट गेलं’ म्हणून हात टेकू नका, गोळ्या आणि भेटी चालू ठेवायच्या. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय आणि तिथं पत्नींशीही बोलतात. तुमच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या, मराठी बैठका होत असतील, चौकशी करा. त्यांच्या बैठकीला ते जावोत न जावोत, घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या बैठका असतात, तिथं तुम्ही जा. नवरा सुधारेपर्यंत वाट बघायची गरज नाही.

क्रम असा धरा: या आठवड्यात 14416 वर फोन, मग जिल्हा रुग्णालयाची तारीख, सोबतीला दिराला घ्या. त्यानं आकडी डोळ्यांनी पाहिलीय, डॉक्टरांना तो नीट सांगेल आणि श्रावणात नेमकं काय झालं होतं हे त्यालाही कळेल. सह्यांचं काम या सगळ्याच्या बरोबरीनं चालू राहू द्या. निवेदन द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि सह्यांच्या सगळ्या पानांचे फोटो चौघींच्या मोबाइलमध्ये ठेवा.